एमेटची जागा

एमेट वोडिच्का ज्या शाळेत शिकला तिथं अकरा पोरं जमायची नाहीत, म्हणून आमच्याकडचा फुटबॉल, हेल्मेट घालून चेंडू हातात घेऊन धावायचा तो, ते आठ-आठ जणांचा खेळायचे. आमच्या मक्याच्या मुलखात अशी गावं पुष्कळ आहेत, आणि आम्ही शहरातली पोरं त्यांना हसायचो. विद्यापीठाच्या संघात आला त्या पहिल्याच दिवशी लॉकर रूममध्ये कुणीतरी त्याला विचारलं, "उरलेले तिघं कुठं होते रे? गाई राखायला?"

एमेट बुटाची नाडी बांधत होता. वर न बघताच म्हणाला, "दोघं गाई राखायला. तिसरा तुझ्या बहिणीला फिरवायला."

सगळी खोली खो खो हसली. विचारणाराही हसला. त्याच आठवड्यात एमेटनं आणि मी मिळून एक तळघर भाड्यानं घेतलं.

आम्ही दोघंही वॉक-ऑन होतो. म्हणजे विद्यापीठानं ज्यांना बोलावलं नव्हतं, जे आपल्या पायांनी मैदानावर चालत आले आणि म्हणाले की आम्हालाही घ्या. बोलावलेल्यांना स्कॉलरशिप असायची. त्यांची फी, खाणं, राहणं सगळं विद्यापीठ बघायचं. आमचं आमच्या घरचे बघायचे. सराव मात्र सारखाच, शिव्याही सारख्याच, उलट आम्हाला जरा जास्तच. आणि शनिवारी स्टेडियम माणसांनी गच्च भरायचं तेव्हा आम्ही मैदानाच्या कडेला कोऱ्या करकरीत कपड्यांत उभे. माझी आई एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते. ती पहिल्या वर्षी मला म्हणाली, "कॉर्बिन, सामन्याचे कपडे धुवायला का आणत नाहीस रे?"

"मळतच नाहीत, आई."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

आमची जागा स्काउट टीममध्ये होती. स्काउट टीम म्हणजे सोंगाड्यांची टोळी. येत्या शनिवारी जो संघ समोर यायचा, त्याचं सोंग आम्ही आठवडाभर आणायचं आणि खऱ्या खेळाडूंनी आमच्यावर हात साफ करून घ्यायचे. मी चेंडू पकडायला धावायचो. एमेट लाइनबॅकर होता: समोरच्या खेळाडूंच्या भिंतीतून जो कुणी चेंडू घेऊन फुटून बाहेर येईल त्याला आडवा करायचा, हे त्याचं काम. बाकीचे लोक सोंग म्हणजे एक कटकट समजायचे. एमेट ते जीव ओतून करायचा. रविवारी दुपारी तो समोरच्या संघाच्या लाइनबॅकरचे सामने बघत बसायचा. तो उभा कसा राहतो, झेप घ्यायच्या आधी कोणता खांदा पाडतो, थुंकतो कोणत्या बाजूला. मग सबंध आठवडा तो तोच माणूस असायचा. किराणा दुकानातसुद्धा.

"या आठवड्यात कोण आहेस?" मी विचारायचो.

"आयोवाचा एक येडा आहे. फार तोंड चालवतो." आणि मग पावाच्या फडताळासमोर उभा राहून तो पावांना शिव्या द्यायचा. दुकानातली बाई आम्हाला ओळखायला लागली होती.

त्याचे वडील मायलो यांचं नोव्हाक क्रीक गावात मांसाचं दुकान. लोकांनी आणलेली जनावरं कापून द्यायची, मांस भरून सॉसेज करायची, मागच्या कोठीत ती धुरावर वाळवायची. एमेटची आई तो आठवीत असतानाच गेली होती. घरात हे दोघंच. एका ईस्टरला मी त्यांच्याकडे गेलो. मायलो फार बोलायचे नाहीत. जेवण झाल्यावर एमेट भांडी घासत होता तेव्हा त्यांनी मला मागच्या कोठीत नेलं, जणू सॉसेज दाखवायला, आणि दार लोटून घेतलं.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना, मिस्टर वोडिच्का."

"मायलो म्हण. पोरगा चांगला आहे का रे? म्हणजे खेळात? मी येतो, वर शेवटच्या रांगेत बसतो, तो कडेला उभा दिसतो. त्यावरून मला काय कळणार? त्याला विचारलं तर म्हणतो, मस्त चाललंय."

मी म्हणालो, "मायलो, मंगळवार-बुधवारी त्याच्यासारखा अख्ख्या संघात कुणी नाही. पण मंगळवार-बुधवारी तिकिटं विकत नाहीत."

त्यांनी मान हलवली. मग आकड्याला टांगलेलं एक सॉसेज काढून माझ्या हातात दिलं, जणू मी त्यांना काहीतरी विकलं होतं आणि ही त्याची किंमत.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधी, सगळा संघ मोठ्या खोलीत बसला होता. आमचे हेड कोच प्रुइट पडद्यावर सरावाच्या चित्रफिती दाखवत होते. कोच म्हणजे आडदांड माणूस. हसला की आम्हाला भीती वाटायची. एकामागून एक चित्र यायचं आणि प्रत्येकात तेच: आमचा सगळ्यात मोठा धावपटू तव्हारिस बेलमी चेंडू छातीशी घेऊन फुटून बाहेर येतो आणि कुणीतरी त्याला उताणा पाडतो. लोक हसायला लागले.

"बेलमी," कोच म्हणाले, "हा कोण आहे जो तुला रोज झोपवतो?"

तव्हारिस जॉर्जियाचा. पोरींपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे त्याच्यावर खूश. तो म्हणाला, "कोच, त्याचं नाव नका घेऊ. स्वप्नात येतो."

"वोडिच्का, उभा राहा. तुझी फी कोण भरतं?"

"बाबा, सर."

"त्यांना सांग, पुढची भरू नका. ती आता आम्ही भरणार."

मग छप्पर कोसळावं तसे सगळे त्याच्या अंगावर कोसळले. तव्हारिसनं त्याला पहिल्यांदा उचललं आणि मग तो माझ्या डोक्यावरून, सगळ्यांच्या डोक्यावरून, हातांवरून हातांवर जात राहिला. त्यानं टोपी तोंडावर ओढून घेतली होती. टोपीखालून फक्त हनुवटी दिसत होती आणि ती थरथरत होती.

मग आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात गेलो. त्यानं दुकानात फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडून हाडं कापायच्या करवतीचा आवाज येत होता.

"बाबा, मशीन बंद करा जरा."

"का? काय झालं? लागलं का तुला?"

"नाही हो. स्कॉलरशिप मिळाली. आत्ता. सगळ्यांसमोर."

करवत बंद झाली होती. पलीकडे काहीच आवाज नव्हता. मग कुणी गिऱ्हाईक काहीतरी विचारतंय असं पुसटसं ऐकू आलं, आणि करवत पुन्हा सुरू झाली. एमेट हसत हसत भिंतीला टेकून खाली बसला. "गिऱ्हाइकासमोर रडायचं नाहीये त्यांना," तो म्हणाला. त्याचे स्वतःचे गाल ओले होते.

पहिले दोन सामने तो कडेलाच उभा होता. तिसऱ्या सामन्याच्या आठवड्यात कोचनी त्याला बोलावून सांगितलं की सामना सुरू होताना चेंडूला पहिली लाथ मारल्यावर जे धावत सुटतात त्यांच्यात शनिवारी तू असशील. त्यानं मायलोंना फोन केला आणि म्हणाला, "या वेळी शेवटच्या रांगेत नका बसू. खाली या. मी पळताना दिसेन."

ते मंगळवारी घडलं. सराव संपत आला होता. खेळी अगदी रोजचीच. त्यांनी ती एकमेकांविरुद्ध कितीदा केली असेल कोण जाणे. तव्हारिस डावीकडच्या फटीतून निघाला, एमेटनं खांदा पाडला, आणि नेमका त्याच क्षणी तव्हारिस वाकला. त्याचा गुडघा एमेटच्या हेल्मेटला कानाच्या बाजूनं लागला. आवाजही फार मोठा नव्हता. आम्ही याहून मोठे आवाज रोज ऐकायचो.

एमेट उठला. कपडे झटकले. आणि जाऊन पलीकडच्या संघाच्या घोळक्यात उभा राहिला.

"ए वोडिच्का, स्कॉलरशिप मिळाली तर पक्ष पण बदलला काय रे?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. तोही हसला. मग माझ्याकडे आला आणि अगदी हळू, मुलीला पत्ता विचारावा तसं लाजत त्यानं विचारलं, "कॉर्बिन, या आठवड्यात मी कोण आहे?"

मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हणालो, "येडा आहेस." तेवढ्यात तो वाकला आणि त्याला भडभडून उलटी झाली.

आमची फिजिओ जॉयस धावत आली. त्याच्या डोळ्यांत बघून तिनं दोन-चार प्रश्न विचारले, मग त्याचं हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत घट्ट धरलं. हेल्मेट फिजिओकडे गेलं की खेळाडू मैदानात परत जाऊ शकत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एमेट तिच्यामागं चालत हात पुढे करत होता, "जॉयस, दे ना. शनिवारी लागणार आहे मला. दे ना ते."

ती थांबली नाही. पण तिचा चेहरा मी पाहिला.

डॉक्टरांकडे त्यानं सगळं खरं सांगितलं. शाळेत असताना एकदा असंच झालं होतं, दोन दिवस उजेड सहन झाला नव्हता. मागच्या वसंतातही सरावात एकदा डोकं आपटलं होतं आणि आठवडाभर त्याला एकाचे दोन दिसत होते. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या मलासुद्धा नाही. मी चिडून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "स्कॉलरशिपवाल्याचं डोकं दुखलं तर त्याला डॉक्टरकडे नेतात. वॉक-ऑनचं डोकं दुखलं तर दुसरा वॉक-ऑन आणतात."



डॉक्टर म्हणाले, आता बास. आयुष्यात पुन्हा नाही. मायलो आले होते, दुकानाचा पांढरा कोट तसाच अंगावर. त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "कमी होईल ना पण?" डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं होतं.

कोच प्रुइट स्वतः आमच्या तळघरात आले. आमच्या मोडक्या सोफ्यावर अवघडून बसले. त्यांनी सांगितलं की स्कॉलरशिप तुझीच आहे, पदवी मिळेपर्यंत तुझीच राहील, नियमच आहे तसा. एमेटनं डोळ्यांवर टॉवेल ठेवला होता. तो म्हणाला, "कोच, मी खेळलो कुठं? एक पळसुद्धा नाही. ही दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"तसं नसतं, पोरा," कोच म्हणाले. "ज्याला डॉक्टरनी थांबवलं त्याची स्कॉलरशिप संघाच्या ठरलेल्या आकड्यात मोजत नाहीत. तुझी तुझ्याकडे राहते, आणि संघात एक जागा मोकळी होते. ती ज्याची असेल त्याला मिळेल. तू त्याची काळजी करू नकोस."

ते गेल्यावर एमेटनं डोळ्यांवरचा टॉवेल उलटा केला. मग म्हणाला, "म्हणजे मी मोजण्यातच नाही."

तो हिवाळा वाईट गेला. तळघराच्या एकुलत्या एका खिडकीला आम्ही घोंगडी ठोकली. दिवा नको, टीव्ही नको. फ्रिज घरघरायला लागला की तो उशी डोक्यावर घ्यायचा, म्हणून मी फ्रिजचं बटण बंद करून दूध बाहेर बर्फात ठेवायला लागलो. वाचलं की अक्षरं चालायला लागतात म्हणायचा. म्हणून त्याची पुस्तकं मी हळू आवाजात वाचून दाखवायचो. पान संपलं की विचारायचो, कळलं? तो म्हणायचा, "वाचलंस तोवर कळत होतं."

तव्हारिस दर रविवारी यायचा. त्याच्या आजीनं फोनवर सांगितलेल्या पद्धतीनं सूप करून आणायचा आणि अंधारात जमिनीवर बसायचा. एवढा मोठा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन. एकदा तो म्हणाला, "मी जरा हळू यायला हवं होतं रे."

"तू हळू आला असतास तर मी तुला उताणा पाडला असता," एमेट म्हणाला. "आणि सगळ्यांनी तुझी चेष्टा केली असती."

"झालं असतं तसं तर बरं झालं असतं."

"सूप खारट झालंय," एमेट म्हणाला. "आजीला सांग."

जानेवारीत पुन्हा सगळा संघ त्या मोठ्या खोलीत बसला होता. कोचनी एमेटलाही बोलावलं होतं. त्यांचं म्हणणं, तो अजून आपलाच आहे. तो मागे दाराजवळ उभा होता, घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा, काळा चष्मा लावून. कोच पुढच्या हंगामाबद्दल बोलले, व्यायामाबद्दल बोलले, कुणाकुणाला झापलं. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "थीसन, उभा राहा."

मी उभा राहिलो. का ते मला कळलं.

"आईला सांग, पुढची फी भरू नका."

मला उचललं. कुणाचे हात होते मला माहीत नाही. ज्या क्षणासाठी मी तीन वर्षं हाडं मोडून घेत होतो तो हा क्षण, आणि मी वरून फक्त दाराकडे बघत होतो. त्या गोंगाटात एमेटनं दोन्ही कान हातांनी दाबून धरले होते. मग त्यानं हात काढले आणि टाळ्या वाजवल्या. पुन्हा कान दाबले. पुन्हा हात काढून टाळ्या वाजवल्या.

मी खाली उतरून त्याच्याकडे गेलो तेव्हा तो व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता.

"एमेट, ही तुझी..."

"माझी माझ्याकडेच आहे. कोच काय म्हणाले ऐकलं नाहीस? ही तुझी आहे. आईला फोन कर."

"नंतर करतो."

"आत्ता कर. मला ऐकायचंय."

मी आईला फोन केला. आई दवाखान्यातच होती. ती एवढ्यानं किंचाळली की समोर बसलेल्या पेशंटनं काय झालं म्हणून विचारलं आणि तिनं त्या अनोळखी माणसालाही सगळं सांगितलं. एमेट फोनपासून लांब सरकून ऐकत होता आणि हसत होता.

घरी आल्यावर त्यानं कोट न काढताच पलंगावर बसून मला विचारलं, "वर कसं वाटलं रे? उचललं तेव्हा?"

"तुला माहीत आहे की. तुलाही उचललं होतं."

"मला नाही आठवत," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं. ऑगस्टमधलं बरंचसं पुसलं गेलं होतं. सराव आठवत नव्हता, ती खोली आठवत नव्हती, कोच काय म्हणाले ते आठवत नव्हतं. स्कॉलरशिप मिळाली हे त्याला माहीत होतं, आपला जन्म कुठं झाला हे माहीत असतं तसं. लोकांनी सांगितलं म्हणून. डॉक्टरला त्यानं हे सांगितलं होतं. मायलोंना नव्हतं.

"आज मुद्दाम आलो," तो म्हणाला. "म्हटलं तुला उचललेलं बघून काहीतरी आठवेल. पण नुसता आवाजच झाला."

त्या सबंध हिवाळ्यात तो कण्हला होता, चिडला होता, पण रडला नव्हता. आज तो कोटाच्या बाहीत तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगत गेलो. पडद्यावरची चित्रं. तव्हारिस म्हणाला होता की त्याचं नाव घेऊ नका, स्वप्नात येतो. टोपी. हनुवटी. मग करवतीचं सांगितलं. बंद झाली, गिऱ्हाईक बोललं, आणि पुन्हा सुरू झाली. तेव्हा तो रडता रडता हसला.

"बाबा असंच करणार," तो म्हणाला. "हे खरं वाटतं."

मग म्हणाला, "परत एकदा सांग. मधलं काही गाळू नकोस."

वसंतात तो सगळ्या विषयांत मागे पडला. विद्यापीठानं त्याच्यासाठी मदतीला माणूस दिला, जास्तीचा वेळ दिला. पण परीक्षेच्या हॉलमधल्या पांढऱ्या दिव्यांखाली तो बसूच शकत नव्हता. मे महिन्यात मायलो पिकअप घेऊन आले. आम्ही तिघांनी त्याचा पलंग, गादी, खुर्ची, कपड्यांच्या पिशव्या गाडीत चढवल्या. एमेट पुढे जाऊन डोळे मिटून बसला, तेव्हा मायलो परत खाली तळघरात आले. काही राहिलं का बघायला म्हणून आले, पण नुसते उभे राहिले. भिंतीलगत जमिनीवर त्याच्या पलंगाच्या आकाराची एक फिकट जागा राहिली होती, तिच्याकडे ते बघत होते.

"त्यानं फोन केला होता ना मला," ते म्हणाले. "ऑगस्टात. मी काही बोललोच नाही रे. म्हटलं घरी येईल तेव्हा बोलू. आता बोलायला गेलो की तो नुसता ऐकतो. कुणा दुसऱ्याची गोष्ट सांगतोय असं बघतो माझ्याकडे."

म्हणजे त्यांना कळलं होतं.

"तुम्ही करवत चालू केलीत तेव्हा तो किती हसला होता," मी म्हणालो.

"हसला होता?"

"भिंतीला टेकून खाली बसला हसता हसता."

त्यांनी दोन्ही तळवे कोटाला पुसले, जणू ते ओले होते. "हे बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले, आणि जिना चढून गेले.

माझ्या शेवटच्या वर्षी मी थोडाफार खेळलो. फार नाही. संघ खूप पुढे असला की कोच मला आत पाठवायचे. नोव्हेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. त्या दिवशी सामन्याआधी शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक खेळाडूचं नाव पुकारतात आणि तो आईवडिलांबरोबर धावत मैदानाच्या मध्यावर जातो. कोचनी एमेटचंही नाव घ्यायचं ठरवलं होतं. त्याची जर्सी तयार करून ठेवली होती. आम्हाला वाटलं नव्हतं तो येईल. तो आला.

मैदानावर निघायच्या बोगद्यात आम्ही रांगेत उभे होतो. माझी आई नवा कोट घालून आली होती आणि सारखी माझी कॉलर नीट करत होती. एमेट आमच्या पुढे, त्याच्या बाजूला मायलो. एमेटनं शिकारीत वापरतात तसले कान झाकणारे लावले होते आणि काळा चष्मा. जर्सी त्याला आता सैल होत होती. बाहेर बँड वाजायला लागला, मग लोक ओरडायला लागले, आणि त्या सिमेंटच्या बोगद्यात तो आवाज आत घुसून घुमला. एमेटचे पाय थांबले. त्याचा चेहरा पांढरा फटक पडला. त्यानं भिंत धरली.

"बाबा, मला नाही जमणार."

"राहू दे," मायलो म्हणाले. "चल, गाडीत जाऊ."

"नाही. तुम्ही जा." त्यानं जर्सी अंगातून काढली आणि मायलोंच्या हातात दिली. "एवढं करा. नाव पुकारतील आणि कुणीच नाही गेलं तर कसं दिसेल?"

जॉयस पुढे आली, त्याला खांद्याला धरून मागच्या दारानं बाहेर घेऊन गेली. मायलो त्या दोघांच्या पाठीकडे बघत राहिले. तेवढ्यात लाउडस्पीकरवर नाव आलं: नोव्हाक क्रीकचा, लाइनबॅकर, एमेट वोडिच्का.

ते एकटेच निघाले. बाकी सगळे धावत जातात. ते चालत गेले, दुकानातून घरी जावं तसे. जर्सी त्यांनी दोन्ही खांद्यांना धरून पुढे धरली होती, बाळाचं झबलं धरतात तशी, आणि ती जमिनीला लागू नये म्हणून हात वर उचलून धरले होते. लोकांना आधी कळलं नाही. मग नाव ज्यांना माहीत होतं ते उभे राहिले, आणि मग हळूहळू सगळेच. टाळ्या नव्हत्या फारशा. एवढी माणसं आणि इतकी शांतता मी त्या जागी पुन्हा कधी अनुभवली नाही. तव्हारिस आधीच मध्यावर जाऊन उभा होता. त्यानं हेल्मेट काढून खाली गवतावर ठेवलं आणि मायलो पोचेपर्यंत मान वर केली नाही.

त्या सामन्यात शेवटी शेवटी मला आत पाठवलं. मी एक चेंडू पकडला, चार पावलं धावलो आणि कुणीतरी मला पाडलं. स्टेडियममधून बाहेर पडल्यावर मी आधी गाड्यांकडे गेलो. लोक शेगड्या पेटवून मांस भाजत होते, गाणी चालू होती. मायलोंची पिकअप पार कडेला, कुंपणाजवळ होती. एमेट आत सीट मागे टाकून पडला होता. मी हळूच दार उघडून आत बसलो.

"बाबा आत गेले तेव्हा काय झालं? ते काही सांगत नाहीत," तो म्हणाला.

"सगळे उभे राहिले."

"ते रडले?"

"नाही. खूप ताठ चालत होते."

"म्हणजे रडले," तो म्हणाला. मग, "आणि तू?"

मी त्याला सांगितलं. समोर कोण होता, कुठल्या बाजूनं निघालो, चेंडू कसा आला. तो डोळे मिटून ऐकत होता. मधेच त्याचा उजवा खांदा किंचित खाली पडला आणि मला कळलं, तो मला अडवायला निघालाय.

"पाडलं असतं मी तुला," तो म्हणाला. "तीन पावलांतच."

"दोन," मी म्हणालो.

तो हसला. थोड्या वेळानं त्याचा श्वास संथ झाला. कुंपणाशी उभे असलेले मायलो आले, खिडकीतून वाकून त्याच्याकडे बघितलं, आणि मला खुणेनंच बाहेर बोलावलं. त्यांनी दार आपटलं नाही. मुठीत धरून हळूहळू रेटत नेलं आणि कुलूप बसेपर्यंत दाबून धरलं. माझा हात हातात घेतला.

एमेट नोव्हाक क्रीकमध्येच आहे. दुकानात सकाळचं काम करतो, करवतीचं सोडून. डोकं चढलं की मागच्या धुराच्या कोठीत जाऊन बसतो. तिथं अंधार असतो आणि कुणी हाक मारत नाही. विद्यापीठातून पहिली काही वर्षं उन्हाळ्यात फोन यायचा की तुझी स्कॉलरशिप अजून आहे, पदवी पुरी करायला कधी येतोस. तो प्रत्येक वेळी नीट ऐकून घ्यायचा, आभार मानायचा आणि म्हणायचा की पुढच्या वर्षी बघतो.